थोरली दोनदा थांबते

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझी नाही. म्हणजे आता माझीच, पण मी मागितली नव्हती. हेड ऑफिसातून जी कोर्सवाली पोरगी आली आहे, तिने आज हातात ठेवली. म्हणाली, "मास्तर, रोज घरी गेल्यावर पाच ओळी लिहा. आज हातांनी काय केलं, का केलं. आपल्याला काय काय येतं ते आपल्यालाच ठाऊक नसतं, लिहिताना सापडतं." मी म्हटलं, "मॅडम, मला काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे." ती हसली. हसायला काय जातंय तिचं.

तर घ्या पाच ओळी. सकाळी सहाला लॉंड्रीत हजर. आमची लॉंड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. चार हॉस्पिटलं आणि सहा हॉटेलं, सगळ्यांच्या चादरी आमच्याकडे. धुणं, पिळणं, मग रोलर इस्त्री, मग घड्या. रोलर इस्त्रीची मशिनं तीन: थोरली, मधली आणि धाकटी. दोन माणसं पुढून चादरीचे कोपरे धरून आत घालतात, ती तापलेल्या रोलरखालून कडक होऊन मागून बाहेर पडते. या तिघींवर माणसं तयार करायची हे माझं काम, गेली अठ्ठावीस वर्षं. मास्तर म्हणतात ते त्यामुळे. शाळेत मी काही फार दिवे लावले नव्हते.

पाच ओळी कधीच झाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी शेकणार.

माझी पद्धत अशी. नवा माणूस सात आठवडे माझ्याजवळ. पहिले तीन दिवस मशीनला बोट लावायचं नाही. हात पाठीमागे बांधून थोरलीशेजारी उभं राहायचं, बघायचं, ऐकायचं. सगळी लॉंड्री याला 'हात मागे' म्हणते आणि खिदळते. खिदळू दे. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाचं आजवर नखसुद्धा गेलेलं नाही.

आता नवीन थाट. पंधरा व्हिडिओ, प्रत्येक चार मिनिटांचा. माणसाने ते फोनवर बघायचे, घरी, बसमध्ये, जेवता जेवता. प्रत्येकामागे प्रश्न, उत्तर बरोबर आलं की एक चांदणी. पंधरा चांदण्या झाल्या की प्रमाणपत्र. मग चार दिवस मशीनवर, आणि झाला माणूस तयार! सात आठवडे गेले उडत. व्हिडिओ बनवणार ती कोर्सवाली पोरगी, आणि त्यांत शिकवणार कोण? तर मीच.

"तुमचं ज्ञान कायमचं जपलं जाईल, मास्तर," साहेब म्हणाले. असं बोलतात ते माणूस गेल्यावर, हे त्यांना कोणी सांगावं.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आमच्या ऑफिसात गेली तीन वर्षं असंच आहे. व्हिडिओ आवाज बंद करून लावून ठेवायचा आणि शेजारी आपलं काम करायचं. आग लागली तर काय करायचं, हे प्रशिक्षण मी केस विंचरताना पूर्ण केलं. शंभर टक्के!" मला भलतंच बरं वाटलं.

मग बया म्हणते, "पण एक चांगलं आहे हं. नाही कळलं तर दहा वेळा मागे नेऊन बघता येतं. 'एवढं साधं कसं कळत नाही' असं व्हिडिओ म्हणत नाही." हे माझ्याकडे बघून. तिला सायकल शिकवताना मी रडवलं होतं, ते अजून उकरून काढते.

ती गेल्यावर हिने विचारलं, "अहो, व्हिडिओ तयार झाले की तुमचं काय करतील?"

"काय करतील? चादरी मोजायला बसवतील."

ही ताटं घ्यायला उठली. मी विनोदानेच म्हटलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पोरगीचं लक्ष आज माझ्या डाव्या हाताकडे गेलं. करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे, नख नाही. "हे कसं झालं, मास्तर?" मी म्हटलं, "मशीनमध्ये गेलं होतं." विषय संपवला. बाकीचं इथे लिहितो. वही वाचणार नाही असं ती म्हणाली आहे.

मला उस्तादांनी शिकवलं. थोरली तेव्हा नवीकोरी होती. उस्तादांनी सगळं शिकवलं, एक सोडून. एकदा चादर आत अडकली. मी लाल बटण दाबलं, रोलर थांबला, टक असा आवाज आला. रोलरपुढची जाळी उघडून मी हात घातला. आणि थांबलेली थोरली परत पाव फेरा फिरली! अडकलेल्या चादरीचा ताण तिच्या पोटात धरलेला असतो. तो सात-आठ सेकंदांनी सुटतो, रोलर फिरतो, आणि खालून दुसरा टक येतो, अगदी बारीक. तेव्हा ती खरी थांबते. मधली आणि धाकटी एकदाच थांबतात. थोरली दोनदा.

मी ओरडत होतो आणि उस्ताद हसत होते. "आता जन्मात विसरणार नाहीस," म्हणाले. बोटाला फडकं मात्र स्वतःच बांधलं. त्या दिवशी मी ठरवलं की आपण कोणाला असं शिकवायचं नाही. 'हात मागे' तेव्हापासून. दिवसातून दोन-तीनदा चादर अडकतेच. तिसऱ्या दिवसापर्यंत माणूस आपणहून म्हणतो, "मास्तर, हे दोनदा वाजतं." मग मी म्हणतो, "सोड हात." त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जाताना पोरगी म्हणाली, "मास्तर, ते 'हात मागे' आपण शूट करू या का? तीन दिवस माणूस नेमकं काय ऐकतो?" ही पण खिदळायलाच आली आहे. मी म्हटलं, "जुनी खोड आहे, मॅडम. त्यात काही नाही."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज नववा व्हिडिओ, 'अडकलेली चादर काढणे'. सकाळी हिने दाढी नीट केली का ते हनुवटी धरून तपासलं. थोरलीवर दिवे लावले होते, म्हातारीला नटवल्यासारखी दिसत होती.

मी सांगितलं: लाल बटण दाबा. टक असा आवाज ऐका. जाळी उघडा. चादर सरळ ओढा, तिरकी ओढू नका, फाटते. करून दाखवलं. टकनंतर मी बोलत बोलत उभा राहिलो, बोलण्यात सात-आठ सेकंद गेले, मग हात घातला. बघणाऱ्याला कळायचं नाही.

पोरगीने घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं दहा सेकंद. मास्तर, अजून पन्नास सेकंद आहेत आपल्याकडे. काही राहिलंय?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच."

दुसरा टक राहून गेला. दिवे, कॅमेरा, चार माणसं टक लावून बघताहेत, कोणाच्या लक्षात राहणार. माणसं मशीनवर आली की सांगेनच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पंधराही व्हिडिओ झाले. साहेबांनी मोठ्या पडद्यावर दाखवले. पडद्यावर मी फारच शहाणा दिसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर साहेब कोणालातरी फोनवर सांगत होते, "आता आपण कोणावर अवलंबून नाही." दार उघडंच होतं. मी तिथेच उभा होतो आणि त्यांना ते माहीतही होतं बहुतेक.

बघू या. पहिली तुकडी थोरलीसमोर उभी राहिली, चादर अडकली, की मी सगळ्यांदेखत म्हणेन, "थांबा." साहेबांनाही कळू दे, नुसत्या चांदण्यांनी चादर निघत नाही.

७ मार्च, शुक्रवार

पहिल्या तुकडीत चौघं. मंगळवारी मशीनवर येणार, साहेब स्वतः बघायला खाली उतरणार. त्यात घडीवाली आहे. घडीच्या टेबलावर बारा वर्षं काढली तिने, चादरीची घडी अशी घालते की पट्टी ठेवून बघावी. चाळिशीची असेल. तिला मशीन हवंय ते वेगळ्या कारणाने. मशीनवाल्यांना सकाळची पाळी पक्की, घडीवाल्यांची फिरती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा दुपारीच कामाला जातो, त्यानंतर म्हातारीला पाणी द्यायला कोणी नाही. हे सगळं तिने मला न विचारता सांगितलं.

डब्याच्या सुट्टीत आली. हातात छोटी वही, व्हिडिओ बघून सगळं उतरवून घेतलेलं. म्हणाली, "मास्तर, मशीनवर व्हिडिओत आहे तेवढंच ना? की अजून काही असतं? आधी तुम्ही लोकांना तीन-तीन दिवस उभं करायचात, ते कशाला?"

मी म्हटलं, "व्हिडिओत सगळं आहे. चांदण्या मिळाल्या ना?"

"पंधराच्या पंधरा."

"मग झालं तर."

जरा कुचकट बोललो बहुतेक. पण हिला आत्ताच सांगून टाकलं असतं तर मंगळवारी साहेबांसमोर काय उरलं असतं?

११ मार्च, मंगळवार

घडीवालीचा हात थोरलीत गेला. उजवा.

मी चहा घेत होतो. पाठ होती माझी.

१२ मार्च, बुधवार

दोन बोटं मोडली आहेत, तळवा भाजला आहे. हात वाचेल, पण पहिल्यासारखा चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी केबिनमध्ये बसवलं. आज चहा नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं, घडीवालीने नववा व्हिडिओ आठ वेळा बघितला होता. प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर. फिटरनेही लिहून दिलं की मशीन जसं होतं तसंच आहे, त्यात बिघाड नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे मशीन ठीक, प्रशिक्षण ठीक. तिनेच पूर्ण थांबायच्या आत हात घातला. निष्काळजीपणा. दुसरं काय?"

निष्काळजीपणा म्हणजे मशीन नाही. परत घडीच्या टेबलावर. आणि घडी घालायला दोन धड हात लागतात, म्हणजे थोडक्यात घरी.

मला निवेदन लिहायला सांगितलं. 'प्रशिक्षणार्थीस सर्व आवश्यक माहिती देण्यात आली होती.' वाक्य साहेबांचं, अक्षर माझं. सही केली. एरवी माझी सही लडखडते, आज सुरेख आली.

घरी हिने ताट वाढलं. मी भूक नाही म्हटलं. हिने विचारलं, "तीच का ती, जिने तुम्हाला विचारलं होतं?" मी तिला घडीवालीबद्दल कधी सांगितलं ते मलाच आठवत नाही. त्याच दिवशी सांगितलं असणार, हसत हसत.

१५ मार्च, शनिवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

खोलीत तीन खाटा. तिची खिडकीजवळची. अंगावरची चादर आमच्याच लॉंड्रीची, कोपऱ्यावर आमचा शिक्का. उजवा हात कोपरापर्यंत बांधून उशीवर ठेवलेला. डाव्या हातात फोन. फोनमधून आवाज येत होता आणि तो आवाज माझा होता. "लाल बटण दाबा. टक असा आवाज ऐका."

मला बघून ती उठून बसायला लागली. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे."

ती म्हणाली, "मास्तर, माफ करा. तुमचं नाव घालवलं मी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हाताखाली कोणाचं नख गेलं नाही असं सगळे म्हणतात. आणि मी हे असं करून बसले. माझंच काहीतरी सुटलं असणार. कालपासून हेच बघतेय. तुम्ही जसं सांगताय तसंच केलं होतं हो मी. टक ऐकला. मग जाळी उघडली. कुठे चुकलं ते सापडतच नाही. तुम्ही बघता का जरा? तुम्हाला लगेच कळेल."

आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. डाव्या हाताने, वेडावाकडा. मी बघितला. पूर्ण बघितला, तीन मिनिटं दहा सेकंद. पडद्यावरचा तो माणूस टकनंतर बोलत बोलत उभा राहिला, मग त्याने हात घातला. त्याचा हात सहीसलामत बाहेर आला.

"काय चुकलं माझं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तू आराम कर. नंतर बोलू."

तिचा नवरा मला खालपर्यंत सोडायला आला. "तुम्ही स्वतः आलात, मास्तर," म्हणाला, "तिला फार बरं वाटलं." बसस्टॉपवर मी दोन बस सोडल्या. चढायची लाज वाटत होती, का ते सांगता येत नाही. कोणी ओळखीचंही नव्हतं त्यात.

१६ मार्च, रविवार

सकाळपासून ही वही पहिल्यापासून वाचली. पोरगी म्हणाली होती लिहिताना सापडतं. सापडलं.

१९ फेब्रुवारी. 'दुसरा टक राहून गेला' असं लिहिलं आहे. खोटं. राहून गेला नाही, मी ठेवला. पन्नास सेकंद होते. मला ते शब्द तोंडात आलेले आठवतात, 'आणि आता अजून थोडं थांबा'. आले आणि गिळले. सगळं दिलं तर उद्या मला कोण विचारणार, एवढंच डोक्यात होतं.

११ मार्च. 'पाठ होती माझी' असं लिहिलं आहे. हेही खोटं. पाठ नव्हती. मी चहाच्या यंत्राजवळ उभा होतो, थोरलीपासून वीस पावलांवर, तोंड तिकडेच. चादर अडकलेली बघितली. तिने लाल बटण दाबलेलं बघितलं. पहिला टक मला तिथपर्यंत ऐकू आला. मला 'थांब' एवढंच ओरडायचं होतं. तेवढ्यासाठीच तर मी दोन आठवडे वाट बघत होतो. पण साहेब अजून खाली आले नव्हते. आणि मला वाटलं, ती अडखळेल, मागे वळून 'मास्तर' म्हणून हाक मारेल. मला ती हाक ऐकायची होती. तिला कशाला अडखळायचं होतं? मीच सांगितलं होतं, सगळं व्हिडिओत आहे. तिने सरळ जाळी उघडली.

सात सेकंद फार असतात. चहाचे दोन घोट होतात.

उस्तादांनी एका पोराचं बोट घेतलं. मी अठ्ठावीस वर्षं मनात त्यांना शिव्या घातल्या आणि स्वतःला त्यांच्यापेक्षा भला समजलो. ते निदान मला शिकवण्यासाठी करत होते, असं त्यांना तरी वाटत होतं. मी कशासाठी केलं?

हिला वाचून दाखवलं. ही भिंतीकडे बघत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "उद्या सोमवार आहे." एवढंच. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना म्हटलं, निवेदन परत द्या, चुकीचं आहे. सगळं सांगितलं. पोरगीही तिथे होती. ती टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, विसरलात ना तुम्ही? तसंच लिहा की. माणूस आहे, विसरतो. आपण व्हिडिओ दुरुस्त करू, तिचंही काहीतरी बघू."

किती सोपं होतं! माझ्या वयाला शोभलंही असतं. खरं सांगतो, क्षणभर तोंडाला पाणी सुटलं. मग मला तो फोन आठवला, डाव्या हातात वेडावाकडा धरलेला.

म्हटलं, "विसरलो नव्हतो, साहेब. ठेवलं होतं. तिने विचारलं तेव्हाही सांगितलं नाही." आणि तसंच लिहून दिलं. या वेळी सही लडखडली.

माझं शिकवणं आजपासून बंद. उद्यापासून आवकखात्यात. काम काय, तर आलेल्या चादरी मोजायच्या.

जिन्यात पोरगी मागून आली. रागावलेली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मास्तर, मशीनवरचे ते चार दिवस तुमच्यासाठीच ठेवले होते. आपल्या कंपनीच्या अजून दोन लॉंड्र्या आहेत, तिथेही तुम्हालाच पाठवायचं मी पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. साहेबांची सही बाकी होती. व्हिडिओमुळे पाठ करायचं काम कमी होईल, हातांचं काम मास्तरच शिकवतील, असं लिहिलं होतं." मग म्हणाली, "'हात मागे'चं मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

मला एकदाच आठवत होतं. वहीत एकदाच आहे.

१८ मार्च, मंगळवार

तिला सांगितलं.

वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती, खाटेजवळ गेल्यावर एकही आठवलं नाही. म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. थोरली दोनदा थांबते. मला माहीत होतं. व्हिडिओत मी मुद्दाम सांगितलं नाही. साहेबांना तसं लिहून दिलंय, तुझ्यावर काही येणार नाही."

फोन तिच्या मांडीवर होता. तिने तो पालथा घातला. मग म्हणाली, "पण मास्तर, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"डब्याच्या सुट्टीत. वही घेऊन आले होते."

"हो."

"मग?"

मी चादरीचा शिक्क्याचा कोपरा सरळ केला. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने तोंड खिडकीकडे केलं आणि म्हणाली, "आता जा तुम्ही." नवऱ्याने या वेळी खालपर्यंत सोडलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

फिटरने थोरलीच्या जाळीला कुलूप बसवलं. लाल बटण दाबल्यावर पंधरा सेकंद ती उघडतच नाही. पाऊण तासात काम झालं, मधे त्याने डबाही खाल्ला. ज्या एका गोष्टीच्या जिवावर मी मास्तर म्हणवून घेत होतो, ती एका कुलपात मावली. मी कधी त्याला नुसतं म्हटलं जरी असतं! अठ्ठावीस वर्षांत सुचलं नाही, असं लिहिणार होतो. सुचलं होतं. दोनदा.

३ एप्रिल, गुरुवार

नववा व्हिडिओ पुन्हा केला. पोरगीनेच मागितला, साहेब नको म्हणत होते. मी सुरुवातीलाच म्हटलं, "मागच्या व्हिडिओत मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. त्यामुळे आपल्या एका बाईचा हात गेला." मग दोन्ही टक ऐकवले.

संध्याकाळी कळलं, हेड ऑफिसने ते वाक्य कापलं. आता त्यात मी नुसताच शहाणा दिसतो, पहिल्यासारखा.

१९ मे, सोमवार

घडीवाली आज कामावर आली.

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं, चादरी मोजल्या. ती येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगीने साहेबांच्या मागे लागून माझ्यासाठी लिहिलेली जागा तिच्या नावावर करून घेतली आहे. चादर धरता येत नसली तरी शिकवता येतं. सकाळची पाळी, पक्की. त्यासाठी महिनाभर दर रविवारी येऊन, फिटरबरोबर बसून ती तिन्ही मशिनं शिकली, वहीत सगळं डाव्या हाताने लिहिलं म्हणे.

नवी तुकडी पाच जणांची. मी चादरींची गाडी ढकलत तिथून जात होतो. रस्ता तिथूनच आहे, नाहीतर गेलो नसतो. तिने हाक मारली, "मास्तर, जरा थांबा." अजून मास्तरच म्हणते. तिच्या तोंडून ते ऐकताना अंगावर काटा येतो.

ती त्या पाच जणांना म्हणाली, "फोनवर बघून आलात ना? चांगलं आहे ते, परत परत बघा. पण त्यातलं एक वाक्य कापलंय, ते मी सांगते." तिने उजवा हात वर केला. दोन बोटं सरळच राहतात आता, तळव्याची कातडी चकाकते. "पहिल्या व्हिडिओत एक गोष्ट नव्हती. शिकवणाऱ्याला ती माहीत होती. मी विचारलं, तरी त्याने सांगितली नाही. म्हणून हा हात असा आहे. तो शिकवणारा हा."

पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात तिच्या राग नव्हता. चादरीचं माप सांगावं तसं सांगितलं. मी गाडीच्या दांड्याकडे बघत होतो.

मग ती म्हणाली, "हात मागे." पाच जणांनी हात मागे घेतले. "मास्तर, तुम्हीपण."

मी गाडी सोडली आणि हात मागे बांधले. त्यांच्या ओळीत शेवटी उभा राहिलो. पाय दुखायला लागतात अशाने, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी उभा राहिलोच नव्हतो.

तासाभराने चादर अडकली. लाल बटण. टक. कोणी हललं नाही. मग खालून तो बारीक दुसरा. माझ्या शेजारची बाई, आज पहिलाच दिवस तिचा, हळूच म्हणाली, "ताई, हे दोनदा वाजतं का?"

घडीवालीचा चेहरा बघितला मी तेव्हा. "सोडा हात," ती म्हणाली.

पाच जणांनी हात सोडले, हसले, बोटं मोडत थोरलीभोवती जमले. तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं, त्यामुळे मला म्हटलं की नाही ते कळलं नाही. मी हात तसेच ठेवून उभा राहिलो, सुट्टीची घंटा होईपर्यंत.